स्ट्राँग एल ओतताना घाई नको

लंडनच्या चिझिकमधली फुलर्स व्हिंटेज एल (एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार; 8.5 टक्के अल्कोहोल, पहिली 1997 ची) बाटलीतही जिवंत यीस्टमुळे मुरत राहते. म्हणून बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, म्हणजे गाळ खाली बसेल. फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडू नका. गारठलेल्या एलची निम्मी चव मारली जाते. 12-13 अंश सेल्सिअस उत्तम. ग्लास तिरपा धरून एका दमात, सावकाश ओता आणि तळाची सेंटिमीटरभर एल बाटलीतच राहू द्या. मध्येच बाटली सरळ केलीत, की गाळ ढवळलाच म्हणून समजा! त्याने अपाय होत नाही, पण एल गढूळ होते. घोट छोटेच घ्या. थोडी ग्लासात अर्धा तास ठेवाच: संत्र्याच्या मुरंब्याचा, मनुकांचा वास तेव्हा कुठे खुलतो.