आधी कूलर बंद, मग कॅबिनेट सुरू

रुग्णाचे जंतू असलेले नमुने ज्या पेटीत हाताळतात त्या बायोसेफ्टी कॅबिनेटला समोर काच असते, म्हणून आपण काचेमागे सुरक्षित आहोत असे वाटते. पण हात घालायला खाली 20 ते 25 सेंटिमीटरची जी फट असते, तिथे तुमच्या नाकात आणि क्षयाच्या जंतूत हवेशिवाय काहीच आडवे नसते. क्लास 2 टाइप ए2 या प्रकारच्या कॅबिनेटमध्ये खोलीतली हवा या फटीतून साधारण 0.5 मीटर प्रतिसेकंद वेगाने समोरच्या जाळीत ओढली जाते. त्याच वेळी वरून हेपा फिल्टरमधून (जंतूही अडवणाऱ्या अतिबारीक गाळणीतून) गाळलेली हवा टेबलावर उतरते. सुमारे 70 टक्के हवा आतच फिरत राहते आणि 30 टक्के दुसऱ्या हेपामधून गाळून बाहेर पडते. अर्धा मीटर प्रतिसेकंद म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी वेग. मागून कोणी लगबगीने गेले तरी हा हवेचा पडदा हलतो.

आता मे महिन्यातली ग्रामीण रुग्णालयाची लॅब डोळ्यांसमोर आणा. बाहेर 45-46 अंश, खिडकीत कूलर लावलेला, वर पंखा फुल. कूलरच्या झोताचा वेग त्या हवेच्या पडद्याच्या कितीतरी पट असतो. तो फटीवर आडवा आदळला की आतली हवा तुमच्या तोंडावर येते आणि बाहेरची धूळ नमुन्यात जाते. ब्लोअर (कॅबिनेटची हवा फिरवणारा पंखा) नेहमीसारखा घुमत असतो, दिवा हिरवा असतो, त्यामुळे कोणाला काही कळतही नाही. विदर्भातल्या लॅबमध्ये कॅबिनेटचा पहिला वैरी कूलर, दुसरा छताचा पंखा. कॅबिनेटचे काम सकाळी आठ ते दहामध्ये उरकावे. त्याआधी कूलर चालवून खोली गार करून घ्यावी आणि काम सुरू करण्यापूर्वी कूलर, पंखा दोन्ही बंद करावेत. एसी असेल तर त्याची पाती कॅबिनेटकडे वळलेली नकोत. दाराला कडी लावून बाहेर ‘काम सुरू आहे’ अशी पाटी अडकवावी. कॅबिनेट मुळातच दार, खिडकी आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, भिंतीपासून 30 सेंटिमीटर सोडून बसवलेले असावे.

पडदा शाबूत आहे का, हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी काचेच्या खालच्या कडेला चिकटवा. ती सतत आतल्या बाजूला ओढलेली दिसली पाहिजे. कूलर सुरू करून तीच पट्टी पाहा, म्हणजे लॅबमधल्या कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पाहून झाले की पट्टी काढून टाका, नाहीतर एक दिवस ती आत खेचली जाऊन ब्लोअरला चिकटेल.

एक गोंधळ इथेच निस्तरलेला बरा. अळिंबीचे स्पॉन (बियाणे) किंवा ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी तयार करणाऱ्या केंद्रांमध्ये जे लॅमिनार एअर फ्लो असते, ते कॅबिनेट नव्हे. त्यातली हवा नमुन्यावरून थेट काम करणाऱ्याच्या छातीवर येते. तिथे माल स्वच्छ राहतो, माणूस नाही. रुग्णाचा नमुना त्यात कधीही उघडू नये.

ब्लोअर सुरू केल्यावर निदान पाच मिनिटे हात घालू नका. तेवढ्या वेळात गेजचा (फिल्टरवरचा हवेचा दाब दाखवणाऱ्या तबकडीचा) आकडा रजिस्टरमध्ये टिपा. आकडा आठवड्यागणिक चढत गेला तर फिल्टर तुंबत आहे. जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू असतात तेव्हा समोरची जाळी रोज पाहायची. ओला टिश्यू फिरवला तरी तंतू निघतात. टेबल, बाजूच्या भिंती आणि काच 70 टक्के अल्कोहोलने पुसा. 95 टक्केवाले मिळत असेल तर 74 मिली घेऊन पाण्याने 100 मिली करा. जास्त कडक म्हणून तसेच वापरू नका, जंतू मारायला पाणीही लागते आणि कडक अल्कोहोल उडूनही लवकर जाते.

खुर्ची इतकी उंच हवी की काचेची खालची कड तुमच्या काखेच्या रेषेत येईल. खुर्ची खालीवर होत नसेल तर पायाखाली पाट घ्या. पाठीमागे बांधायचा गाऊन, त्याच्या मनगटावर चढलेले नायट्राइल हातमोजे, क्षयाचे काम असेल तर एन-95. लागणारे सगळे सामान आधीच आत ठेवा, पण समोरची आणि मागची जाळी मोकळी राहू द्या. रजिस्टर, मागणीपत्रक, हातमोज्याचा डबा असे काहीही समोरच्या जाळीवर टेकवले की तेवढ्या भागातला पडदा गळालाच. कोपर टेकवण्याची सवयही तशीच घातक. काम जाळीपासून किमान 10 सेंटिमीटर आत व्हायला हवे. स्वच्छ सामान डावीकडे, काम मध्ये, वापरलेले उजवीकडे, आणि टाकाऊ वस्तूंचे भांडे आतच ठेवा. बाहेरच्या बादलीत पिपेटची टिप (प्लास्टिकचे टोक) टाकायला दर वेळी हात बाहेर काढला की दर वेळी पडदा फाटतो. हात सरळ, सावकाश घाला आणि मिनिटभर थांबून मग झाकण उघडा. सेंट्रिफ्यूज झालेल्या, म्हणजे यंत्रात गरगर फिरवलेल्या नळ्याही लगेच उघडायच्या नाहीत. तुषार खाली बसायला दहा मिनिटे द्या आणि नळ्या बसवलेली त्या यंत्राची बंद बकेट कॅबिनेटमध्येच उघडा.

आत स्पिरिटचा दिवा किंवा बर्नर नको. ज्योतीची गरम हवा वर चढून खाली येणाऱ्या प्रवाहाला छेद देते, फिल्टरला झळ बसते आणि शेजारी अल्कोहोल असतेच. नमुना उचलायचे, वापरून टाकायचे प्लास्टिक लूप (टोकाला कडी असलेली काडी) आणा, प्रश्न मिटतो.

विजेचे काय? रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते आणि ब्लोअर मंदावतो. स्टॅबिलायझर हवाच. घरगुती साध्या इन्व्हर्टरवर मोटर नीट चालत नाही. शुद्ध साइन वेव्हचा ऑनलाइन यूपीएस घ्या, निदान पंधरा-वीस मिनिटे पुरेल एवढा. तो उरलेले नमुने उरकायला नसून आवरायला आहे. यूपीएस नसताना लाइन गेलीच तर दचकून हात ओढू नका. आधी नळ्यांची झाकणे लावा, हातमोज्यांचे दोन जोड घातले असतील तर वरचे आतच काढा, हात हळू बाहेर घ्या, काच खाली करा आणि खोलीबाहेर पडा. लाइन आल्यावर ब्लोअर पाच मिनिटे चालवून, टेबल पुसून मगच पुढे जा.

नमुना आत सांडला तर ब्लोअर सुरूच ठेवा. सांडलेल्यावर टिश्यू पसरा आणि 5 टक्के फिनॉल किंवा 1 टक्का हायपोक्लोराइट कडेकडून मध्याकडे ओता. अर्धा तास थांबा, चिमट्याने उचला, पुन्हा पुसा. जाळीतून खाली गेले असेल तर खालच्या ट्रेचा नळ बंद आहे ना ते बघा, ट्रेमध्येही तेच द्रावण अर्धा तास राहू द्या, मग नळ उघडा. हायपोने स्टील गंजते, म्हणून शेवटी पाण्याने पुसून अल्कोहोल फिरवा. थुंकीची बाटली कॅबिनेटबाहेर फुटली तर लगेच पुसायला वाकू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दार लावा, अर्धा तास तरी आत जाऊ नका.

बाटलीवर 5 टक्के क्लोरीन असेल तर 200 मिली हायपोत 800 मिली पाणी घातले की 1 टक्का होते. पण हे गणित ताज्या बाटलीचे आहे. पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये उन्हाळाभर तापलेल्या हायपोची ताकद निम्मीही उरली असेल याची खात्री देता येत नाही. गार, अंधाऱ्या जागी ठेवा, द्रावण रोज नवे करा. ॲसिडच्या जवळपासही नेऊ नका. फिनॉलचे नाव निघाले की कोणीतरी फरशी पुसायचे पांढरे फिनाइल आणून देतो. ते फिनॉल नव्हे, क्षयाच्या जंतूसाठी त्यावर विसंबू नका. खरे फिनॉल कातडी जाळते, हातमोजे आणि चष्मा लावूनच हाताळा.

यूव्ही दिव्याचे फार कौतुक नको. 254 नॅनोमीटरचा तो किरण सावलीत पोहोचत नाही आणि वाळलेल्या थुंकीत शिरत नाही. नळीवर धूळ बसली की उरलेला जोरही जातो. खोलीत माणूस असताना तो बंद, आणि पुसण्याला तो पर्याय नाही.

काम संपल्यावर भांडी झाकून, बाहेरून पुसून काढा. ब्लोअर आणखी पाच मिनिटे चालवा. कल्चरचा (वाढवलेल्या जंतूंचा) कचरा लॅबमध्येच ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, मग पिवळ्या पिशवीत जातो. महिन्यातून एकदा टेबलाचा पत्रा उचलून खाली बघा. टिश्यूचे गोळे, टिपा, क्वचित काचेचा तुकडाही सापडतो.

वर्षातून एकदा तपासणी लागतेच. नागपूरहून येणारा इंजिनिअर नुसते स्टिकर चिकटवून जात असेल तर सही करू नका. हवेच्या वेगाचे वेगवेगळ्या बिंदूंवरचे आकडे, हेपाची गळती चाचणी आणि धुराची चाचणी कागदावर मागा. भिंतींना रंग द्यायचा म्हणून कॅबिनेट चार फूट सरकवले असेल तरी हीच तपासणी पुन्हा करावी लागते. हलवताना फिल्टरचे गॅस्केट (कडेची हवाबंद पट्टी) सुटते आणि ते बाहेरून दिसत नाही.