स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी निवडताय? या चुका टाळा

अमेरिकेत आई-वडील हॉस्पिटलमधून सुटायला आले की डॉक्टर म्हणतात, "लगेच घरी नको, थोडे दिवस रिहॅबला पाठवू." हे रिहॅब म्हणजे बहुतेकदा स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी: नर्स आणि थेरपिस्ट रोज उपचार करतात असं, इथे नर्सिंग होम म्हणतात त्या प्रकारचं ठिकाण. दुपारी केस मॅनेजर पाच-सहा नावांची यादी हातात ठेवते आणि उद्या सकाळपर्यंत दोन-तीन नावं सांगा म्हणते. मग व्हॉट्सअ‍ॅपवर धावाधाव सुरू होते: "कुणाला माहितीये का, यातलं चांगलं कुठलं?" मी नर्स आहे. डिस्चार्जच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, आणि ओळखीच्या मराठी घरांतून असे फोन मला सतत येतात. बहुतेक फोन एक दिवस उशिरा आलेले असतात. पैशांचा आणि दर्जाचा निम्मा निकाल हॉस्पिटलच्या पलंगावरच लागलेला असतो, आणि तिथे कुणी काही विचारलेलं नसतं.

चूक पहिली: "अ‍ॅडमिट आहेत" असं धरून चालणं

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथे, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

मूळच्या मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विम्याचा, नियम असा आहे. स्किल्ड नर्सिंगचे पैसे मिळायला आधी हॉस्पिटलमध्ये सलग तीन दिवस इनपेशंट, म्हणजे रीतसर भरती झालेला पेशंट, म्हणून मुक्काम व्हावा लागतो. डिस्चार्जचा दिवस त्यात धरत नाहीत. इमर्जन्सी रूममधले तास धरत नाहीत. ऑब्झर्व्हेशनमध्ये, म्हणजे नुसतं देखरेखीखाली, कागदोपत्री आउटपेशंट म्हणून काढलेल्या रात्री तर मुळीच धरत नाहीत. आणि ऑब्झर्व्हेशनमधला पेशंट दिसायला अगदी इनपेशंटसारखाच दिसतो. तोच मजला, तोच गाऊन, मनगटावर तशीच पट्टी, सकाळी तेच डॉक्टर राउंडला.

ओळखीतले एक काका बाथरूममध्ये घसरले. पेल्व्हिसला बारीक फ्रॅक्चर झालं. ऑपरेशनची गरज नव्हती, पण पाऊल टेकवलं की कळ मस्तकात जायची. चार रात्री हॉस्पिटलमध्ये काढल्या. मुलगा रोज ऑफिसमधून येऊन बसायचा आणि डॉक्टरांशी बोलायचा. दुखणं कसं आहे, चालतील कधी, सगळं विचारायचा. काकांची नोंद कोणत्या नावाखाली आहे, हे मात्र त्याने एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एका कागदावर सही घेतली होती. तो मून नावाचा कागद, म्हणजे मेडिकेअर आउटपेशंट ऑब्झर्व्हेशन नोटीस. ऑब्झर्व्हेशन चोवीस तासांच्या वर गेलं की छत्तीस तासांच्या आत हा कागद द्यावाच लागतो, असा 2017 पासूनचा दंडक आहे. त्याने इतर कागदांबरोबर त्यावरही सही केली. काका रिहॅबला गेले, आणि तिथल्या बिलिंगच्या बाईंनी तिसऱ्या दिवशी सांगितलं की मेडिकेअर एक डॉलरही देणार नाही. मला फोन आला तेव्हा काका हॉस्पिटलमधून बाहेर पडून आठवडा झाला होता. घरी जिना, काकूंचे गुडघे गेलेले, त्यामुळे आणणंही शक्य नव्हतं. सगळा मुक्काम खिशातून गेला. बिल पाच आकडी झालं.

माझी सवय सांगते. रोज सकाळी राउंडच्या वेळी एकच प्रश्न विचारायचा: "आज हे इनपेशंट आहेत की ऑब्झर्व्हेशन?" उत्तर, सांगणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत लिहायची. उत्तर "ऑब्झर्व्हेशन" आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. पेशंटला किमान दोन मध्यरात्री ओलांडतील इतका वेळ हॉस्पिटलची गरज पडेल असं डॉक्टरांना वाटत असेल, तर साधारणपणे इनपेशंट ऑर्डर योग्य ठरते. हा टू-मिडनाइट नियम 2013 पासून आहे. डॉक्टरांना नियमाचं नाव घेऊन विचारलंत की ते नीट उत्तर देतात. घरच्या फॅमिली डॉक्टरांकडूनही फोन करवा. डिस्चार्ज झाल्यावर हे बदलून घेणं जवळपास अशक्य असतं. आधी इनपेशंट म्हणून घेतलं आणि हॉस्पिटलने मागाहून ऑब्झर्व्हेशन केलं, अशा काही पेशंटना 2025 पासून अपील करता येतं. पहिल्यापासून ऑब्झर्व्हेशनमध्येच असलेल्यांना तो मार्ग नाही.

मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर, असेल तर तीन दिवसांची अट बऱ्याच प्लॅनमध्ये नसते. पण तिथे आधी मंजुरी लागते आणि फॅसिलिटी नेटवर्कमधलीच हवी. प्लॅनच्या कंपनीला वेगळा फोन करा.

चूक दुसरी: "शंभर दिवस फुकट असतात"

हे वाक्य प्रत्येक गेट-टुगेदरमध्ये कुणीतरी ठासून सांगतं, आणि ते चूक आहे.

पहिले वीस दिवस मेडिकेअर पूर्ण देतं. एकविसाव्या दिवसापासून शंभराव्यापर्यंत रोजचा वाटा तुमचा. 2025 मध्ये तो दिवसाला 209.50 डॉलर होता, 2026 मध्ये 217 डॉलर आहे. म्हणजे पूर्ण ऐंशी दिवस राहिलात तर 17,360 डॉलर. मेडिगॅपचा, म्हणजे मेडिकेअरला जोडून घेतलेल्या खासगी पूरक विम्याचा, प्लॅन जी किंवा एन असेल तर हा वाटा तो उचलतो. प्लॅन ए आणि बी उचलत नाहीत. घरातलं कार्ड आजच काढून अक्षर बघून ठेवा.

आणि शंभर ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. रोज नर्सच्या किंवा थेरपिस्टच्या कौशल्याची गरज असेल तोवरच पैसे मिळतात. नुसतं आंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं याचे मेडिकेअर देत नाही, मग ते कितीही अवघड असो. त्यासाठी खिसा, लाँग टर्म केअर विमा किंवा मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी योजना. जेनवर्थ आणि केअरस्काउटच्या 2024 च्या पाहणीत दोघांच्या खोलीचा देशातला मध्यम खर्च वर्षाला 1,11,325 डॉलर आणि एकट्याच्या खोलीचा 1,27,750 डॉलर होता. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं बोलावं.

आपल्याकडची एक खास चूक इथेच सांगते. ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिलेल्या, पासष्टीच्या पुढच्या आई-वडिलांना मेडिकेअर विकत घेता येतं. इथे कधी नोकरी केलेली नसल्याने पार्ट ए चा, म्हणजे हॉस्पिटलच्या मुक्कामाच्या भागाचा, हप्ता जबरदस्त बसतो, 2025 मध्ये तो महिन्याला 518 डॉलरपर्यंत होता. म्हणून बरीच मुलं फक्त पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या फीचा आणि आउटपेशंट सेवांचा भाग, घेतात आणि "आईला मेडिकेअर आहे" म्हणून निर्धास्त होतात. स्किल्ड नर्सिंगचा मुक्काम पार्ट ए मध्ये येतो. बी वर तो मिळत नाही. हप्ता वाचवायचा निर्णय घ्यायला हरकत नाही, पण आपण काय सोडतोय हे कळून घ्या.

चूक तिसरी: पाच तारे बघून ठरवणं

मेडिकेअरच्या केअर कम्पेअर साइटवर प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे असतात. ही पद्धत डिसेंबर 2008 मध्ये सुरू झाली आणि ती उपयोगी आहे, पण एकूण ताऱ्यांवर थांबणं म्हणजे मार्कशीट न उघडता नुसती टक्केवारी बघण्यासारखं आहे. तीन वेगळे भाग एकत्र करून तो आकडा येतो: राज्याच्या निरीक्षकांची तपासणी, कर्मचाऱ्यांचं प्रमाण आणि क्वालिटी मेझर्स, म्हणजे पेशंटच्या तब्येतीवरून काढलेले दर्जाचे आकडे. यातल्या क्वालिटी मेझर्सचा बराचसा मजकूर फॅसिलिटीने स्वतः भरलेल्या मूल्यमापनातून येतो. कर्मचाऱ्यांचे आकडे पगारपत्रकाच्या नोंदींवरून येतात, त्यामुळे ते फुगवणं अवघड. आणि तपासणीचे तारे राज्यातल्या राज्यात तुलना करून देतात. वरच्या दहा टक्क्यांना पाच, तळाच्या वीस टक्क्यांना एक. म्हणून न्यू जर्सीतले चार तारे आणि टेक्सासमधले चार तारे शेजारी ठेवून काही कळत नाही.

मी एकूण तारे बघतच नाही. आधी कर्मचारी उघडते: शनिवार-रविवारी नर्सेसचे तास किती, आणि वर्षभरात किती जण नोकरी सोडून गेले. ही माहिती 2022 पासून ताऱ्यांतही धरली जाते. माणसं टिकत नसतील तिथे बाबांना डावी बाजू दुखते की उजवी, हे रोज नव्याने सांगावं लागतं. मग तपासणीचा अहवाल. प्रत्येक त्रुटीपुढे ए ते एल असं एक अक्षर असतं. जी आणि त्यापुढचं अक्षर म्हणजे पेशंटला प्रत्यक्ष इजा झाली किंवा त्याहून गंभीर काही घडलं. जे, के, एल म्हणजे जिवावर बेतण्याजोगा तात्काळ धोका. नुसतं अक्षर बघू नका, खालचा मजकूर वाचा. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या तापमानाची नोंद राहिली, ही एक गोष्ट. पाठीवरचा बेडसोअर कुणाला दिसलाच नाही, ही अगदी वेगळी. नावापुढे लाल हाताचं चिन्ह असेल तर छळाची नोंद आहे. मी ते नाव तिथल्या तिथे खोडते.

चूक चौथी: सकाळी अकराची टूर

अपॉइंटमेंट घेऊन गेलात की मार्केटिंगच्या बाई लॉबी दाखवतात, जिम दाखवतात, महिन्याचा कार्यक्रम दाखवतात. एका मैत्रिणीच्या सासूबाईंसाठी आम्ही अशाच एका चकचकीत जागी गेलो होतो. खाली पियानो आणि ताजी फुलं. मी वरच्या मजल्यावर चालत गेले. एका खोलीच्या दारावरचा दिवा लागलेला होता, म्हणजे आतून कुणी बेल दाबली होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. दोन जणी समोरून गेल्या, दोघींनी वर पाहिलं आणि पुढे गेल्या. आत एक आजी होत्या. जेवणाचा ट्रे त्यांच्यापुढे होता, पण टेबल पलंगापासून हातभर लांब सरकलेलं, आणि ताटावरचं झाकण तसंच. आम्ही खाली आलो आणि यादीतलं दुसरं नाव घेतलं. सासूबाई तिथे गेल्या आणि स्वतःच्या पायांनी चालत घरी आल्या.

म्हणून रविवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा, न सांगता. दारावरचा दिवा किती वेळ लागलेला राहतो ते बघा. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे का ते बघा. त्या दिवशी किती नर्स आणि किती सहायक कामावर आहेत, याचा कागद सगळ्यांना दिसेल असा रोज लावणं नियमानेच बंधनकारक आहे. तो शोधा. शेवटच्या तपासणीचा अहवालही मागायची वेळ न येता वाचायला मिळायला हवा. आणि प्रश्न ऑफिसात विचारू नका, सीएनएला, म्हणजे पेशंटची रोजची कामं करणाऱ्या नर्सिंग सहायकाला, विचारा: "आज तुमच्याकडे किती पेशंट?" ती खरं सांगते.

वेळ नाही, उद्या सकाळी नाव द्यायचंय, हे मला सगळेच सांगतात. एक संध्याकाळ असतेच. ती गूगलचे रिव्ह्यू वाचण्यात घालवू नका.

चूक पाचवी: कागद न वाचता सह्या

अ‍ॅडमिशनच्या गठ्ठ्यात "रिस्पॉन्सिबल पार्टी" अशी एक ओळ असते. मुलगा किंवा सून तिथे सही करते आणि मागून बिल स्वतःच्या नावावर येतं. तिसऱ्या माणसाने स्वतःच्या खिशातून पैसे भरायची हमी द्यावी, अशी अट घालायला केंद्राच्या नियमांनी मनाई आहे. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी असेल तर आईचं नाव लिहून "यांच्या वतीने" अशीच सही करा. लवादाचा, म्हणजे आर्बिट्रेशनचा कागद वेगळा असतो. त्यावर सही केली नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि केलीच असेल तर तीस दिवसांत मागे घेता येते.

थोडक्यात आणखी काही

दिवसाचा खासगी दर लेखी मागा, म्हणजे मेडिकेअर थांबलं तर काय पडेल ते कळेल.

बाबा पुन्हा हॉस्पिटलात गेले तर पलंग राखून ठेवायचे पैसे मेडिकेअर देत नाही. आधीच विचारा.

जिममधल्या यंत्रांना भुलू नका. ऑक्टोबर 2019 पासून मेडिकेअर थेरपीच्या मिनिटांवर पैसे देत नाही. तेव्हा एकट्याने किती मिनिटं, गटात किती आणि रविवारी काय, हे विचारा.

आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत प्राथमिक केअर प्लॅन व्हायला हवा. त्याचा सारांश मागून घ्या. शाकाहार, भाषा, रात्री उठायची सवय हे सगळं त्यात लिहून घ्या, तोंडी सांगून भागत नाही.

घराजवळची जागा घ्या. रोज कुणी येऊन बसतं त्या पेशंटकडे जास्त लक्ष जातं, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

चूक शेवटची: "प्रगती थांबली" ऐकून सामान बांधणं

एक दिवस हातात नोटीस येते की अमुक तारखेपासून मेडिकेअरचे पैसे बंद. ती किमान दोन दिवस आधी द्यावी लागते. कारण सांगतात, "सुधारणा दिसत नाही." पण जिमो विरुद्ध सेबेलियस या खटल्यात 2013 मध्ये झालेल्या तडजोडीनंतर हे पक्कं झालं आहे की सुधारणा ही अट नाही. आहे ती अवस्था टिकवायला किंवा ढासळणं लांबवायला कुशल हातांची गरज असेल, तरी पैसे मिळू शकतात. अपील फुकट आहे. पैसे बंद होण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत नोटिशीवरच्या नंबरवर फोन करायचा, शनिवार-रविवार असला तरी. त्याच दिवशी थेरपिस्टला विचारा की थेरपी थांबली तर काय होईल, आणि ते त्यांना नोंदीत लिहायला सांगा. अपील ऐकणारे नोंदी मागवून वाचतात, घरच्यांची कळकळ त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ती नोटीस हातात आली की मला फोन करण्याआधी त्या नंबरवर करा.