'कमी चाललेली' स्पोर्ट्स कूपे घेण्याआधी

ठाणे-वाशीकडे सेकंड हॅंड स्पोर्ट्स कूपे, म्हणजे दोन दारांची स्पोर्ट्स गाडी, बघायला गेलात की मालक पहिलं वाक्य बोलतो: "गाडी चाललीच नाहीये हो." ते बऱ्याचदा खरंही असतं. रविवारी पहाटे पाम बीच रोडला एक फेरी, बाकी आठवडाभर सोसायटीच्या बेसमेंटमध्ये कव्हरखाली. पण उभ्या गाडीचं रबर वाळतं, बॅटरी बसते, आणि आपल्या पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी शिरतं. म्हणून मीटरवरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

सुरुवात घरबसल्या करा. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपमध्ये टाकून नोंदणीची तारीख, विमा आणि गाडीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. ई-चलनं वेगळी तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. एमएच ०४ (ठाणे) किंवा एमएच ४३ (नवी मुंबई) पासिंगची गाडी सोपी पडते. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. तो धरून हिशोब करा.

मग मालकाला सांगा, "सकाळी येतो, तोवर गाडी चालू करू नका." पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन चालू होतानाचे पहिले दोन-तीन सेकंद फार मोलाचे असतात: टायमिंग चेन (इंजिनातली साखळी) सैल असेल तर तेव्हाच खडखडते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) इंजिनाच्या आत जाऊन जळतंय.

आता पाणी. इथे घाई अजिबात नको. कोपरखैरण्यात मी एक गाडी पाहिली होती. लेदर चकाचक, डॅशबोर्ड नव्यासारखा. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढला, तर शेवटचा वीतभर पट्टा तपकिरी होता आणि त्यावर वाळलेला बारीक गाळ बोटाला लागला. सीट पुसली जाते, पण बेल्टचं रीळ उघडून कोणी धूत नाही. तेव्हा दोन्ही बेल्ट पूर्ण ओढा, सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा, डिकीचं कार्पेट उचलून खालचा खड्डा हाताने चाचपा. जुन्या गाडीत कार्पेट नवंकोरं असेल, तर ते का बदललं ते विचारा.

कूपेची खरी परीक्षा दारात आहे. बहुतेक कूपेंच्या काचेला वरून चौकट नसते. हॅंडल ओढलं की काच जराशी खाली उतरते आणि दार लागल्यावर वर जाऊन रबरात बसते. हे दहा वेळा करून पाहा. एकदा जरी काच अडली, तरी मोटर किंवा स्विच थकलाय आणि जुलैमध्ये सीट भिजणार. बाटलीभर पाणी छतावरून सोडा. ही दारं लांब आणि जड असतात, म्हणून अर्धं उघडून कडेला हलकेच वर उचला. हललं तर बिजागरी गेली.

ठोकलेल्या पत्र्यावर भरलेली पुट्टी शोधायला लोहचुंबक नेत असाल तर सांभाळा. दुसऱ्या पिढीच्या ऑडी टीटीचा पुढचा बराच भाग ॲल्युमिनियमचा आहे, २०१६ साली भारतात आलेल्या मस्टॅंगचं बॉनेटही तसंच. तिथे चुंबक चिकटणारच नाही. रंगाची जाडी मोजणारं मीटर वापरा. बाकी अंगावर १२० मायक्रॉन आणि एका फेंडरवर ४०० दिसले, तर त्या फेंडरचं काम झालंय.

टायरवर चार अंकी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत असते, पण सहा वर्षांवरचे टायर बदलायचेच, असं धरून भाव करा. स्टेपनीऐवजी पंक्चर किट असेल तर त्या बाटलीची मुदत वाचा.

टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर संपवू नका. संध्याकाळी माजिवड्याच्या गर्दीत न्या. ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स तिथेच बोलतो: पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना थरथर जाणवली, तर खर्च मोठा आहे. मग गॅरेजमध्ये रॅम्पवर चढवा. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी आणि गतिरोधकांनी पोटाचं काय केलंय ते दिसेल. मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा, आणि एरर नाही एवढ्यावर थांबू नका. गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसत असतील, तर एरर नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. दोन-चार दिवस चालवून पुन्हा स्कॅन करायला सांगा.

एक्झॉस्ट बदललाय का, इंजिनचं रिमॅपिंग (ताकद वाढवायला सॉफ्टवेअर बदलणं) केलंय का, हे स्पष्ट विचारा आणि मूळ पार्ट मागून घ्या. न कळवलेल्या बदलांवरून विम्याचा क्लेम अडतो.

सौदा ठरल्यावर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून लगेच अर्ज करा, आणि १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, तो भावात धरू नका. थोडी रक्कम मात्र लेखी ठरवून मागे ठेवा. आरसी तुमच्या नावाने आली की ती द्या.