सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर घातांकाची गणितं: बटणं नेमकी कशी दाबायची

घातांकाचं उत्तर चुकलं की बरेच जण फॉर्म्युलाच परत परत तपासत बसतात, फॉर्म्युला बरोबर असतो आणि चुकलेलं असतं ते टाईप करणं. वहीत घातांक वर बारीक अक्षरात लिहिलेला असतो, त्यामुळे तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे बघताक्षणी कळतं. कॅल्क्युलेटरला ते आपोआप कळत नाही, आपण कंस टाकून सांगावं लागतं. खाली ज्या चुका सांगितल्यात त्यातल्या बहुतेक याच एका कारणाने होतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं.

इथे घात दाखवायला ^ हे चिन्ह वापरलंय, म्हणजे २^१० म्हणजे दोनचा दहावा घात. आणि ई म्हणजे २.७१८ वाली संख्या.

आधी घाताचं बटण शोधा. काही कॅल्क्युलेटरवर एक्स आणि त्याच्या डोक्यावर छोटा वाय असतो, काहींवर वाय वर छोटा एक्स, काहींवर नुसतं ^, आणि नवीन मॉडेलवर एक्सच्या वर एक रिकामा चौकोन. सगळ्यांचं काम एकच. २ दाबा, हे बटण दाबा, १० दाबा, बरोबरचं चिन्ह दाबा, १०२४ आलं की तुम्हाला बटण सापडलं. वर्ग आणि घनाची वेगळी बटणं असतात, ती वापरली तर एक-दोन वेळा बोट कमी लागतं एवढंच.

ई चा घात बहुतेक वेळा एलएनच्या (म्हणजे ई पायाच्या लॉगच्या) बटणाच्या वर रंगीत अक्षरात लपलेला असतो, शिफ्ट दाबून एलएन दाबायचं. दहाचा घात तसाच लॉगच्या वर. फोनवर शिफ्टच्या जागी सेकंड किंवा आयएनव्ही असं काहीतरी असतं, आणि आयफोनवर फोन आडवा धरला की सायंटिफिक बटणं दिसतात, रोटेशन लॉक असेल तर आधी तो काढा. आता इथे एक फरक आहे जो नवीन माणसाला फार छळतो, काही कॅल्क्युलेटरवर आधी ई^ दाबून मग आकडा टाकायचा असतो आणि काहींवर आधी आकडा टाकून मग ई^. तुमचा कुठल्या प्रकारचा ते ओळखायला स्क्रीन क्लिअर करा आणि काहीही न टाकता ई^ दाबा. स्क्रीनवर ई^ उमटून कर्सर थांबून राहिला तर आकडा नंतर टाकायचा. लगेच १ आलं तर आकडा आधी टाकायचा, कारण त्याने स्क्रीनवरच्या शून्याचा घात काढून दाखवला, ई^० म्हणजे १. मग ई^१ करून बघा, २.७१८२८१८२८ आलं पाहिजे.

आता ईएक्सपी बटण. सगळ्यात जास्त घोळ याच बटणाने होतो. नावावरून वाटतं की हे एक्स्पोनेन्शियलचं म्हणजे घाताचं बटण असणार, पण नाही, याचा अर्थ आहे "गुणिले दहाचा अमुक घात". नवीन कॅल्क्युलेटरवर तिथे सरळ ×१० आणि वर छोटा एक्स छापलेला असतो, काहींवर ईई. २ ईएक्सपी ५ दाबलंत तर ३२ नाही येणार, २००००० येणार, कारण ते २×१०^५ झालं. प्रकाशाचा वेग ३×१०^८ टाकायचाय तर ३ ईएक्सपी ८, बस, मध्ये गुणिले १० वेगळं टाकायचं नाही. आणि नुसता १०^८ हवा असेल तर १ ईएक्सपी ८, कारण १० ईएक्सपी ८ केलं की ते १०×१०^८ होतं, म्हणजे दहापट जास्त.

मग हे बटण वापरायचंच कशाला, सरळ ×१०^ टाईप करू की, असं वाटेल. पण भागाकारात बघा काय होतं. ६ ला २×१०^३ ने भागायचंय. ६÷२×१०^३ असं टाईप केलं तर कॅल्क्युलेटर डावीकडून जातो, आधी ६÷२ करतो, मग हजाराने गुणतो, उत्तर ३०००. खरं उत्तर ०.००३. ईएक्सपी बटणाने टाकलं, ६÷२ ईएक्सपी ३, तर तो २ ईएक्सपी ३ ला एकच आकडा धरतो आणि ०.००३ देतो. फिजिक्स केमिस्ट्रीवाल्यांनी तर हे बटण हाताला वळण लावून घ्यावंच. फक्त एक, एक्सेलमध्ये EXP नावाचं फंक्शन आहे, मराठीत बोलताना आपण त्यालाही एक्स्पच म्हणतो, त्याचा अर्थ मात्र ई चा घात, त्यामुळे कॅल्क्युलेटरवरून एक्सेलवर गेलात की डोक्यात हा बदल करा.

मायनसचं प्रकरण पण वेगळं समजून घ्या. −३^२ टाईप केलं तर बऱ्याचशा सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर −९ येतं, आणि ते गणिताच्या नियमाने बरोबरच आहे, घात आधी आणि मायनस नंतर. तुम्हाला जर उणे तीनचा वर्ग हवा असेल तर (−३)^२, मग ९. एक्सेलमध्ये मात्र =-३^२ ला ९ येतं, तिथला नियम उलटा आहे, त्यामुळे दोन्हीकडे उत्तर वेगळं आलं म्हणून गोंधळून जाऊ नका, कंस टाका म्हणजे दोन्हीकडे एकच उत्तर मिळेल. आणि बऱ्याच कॅल्क्युलेटरवर मायनसची दोन बटणं असतात, एक वजाबाकीचं आणि एक कंसात छोटा मायनस असलेलं. उणे संख्येसाठी दुसरं वापरायचं, काही कंपन्यांच्या मॉडेलवर घातात वजाबाकीचं बटण दाबलं की सरळ सिंटॅक्स एरर येते.

आता मुख्य भाग, घातांकात एकापेक्षा जास्त गोष्टी असतील तेव्हा. कार्बन-१४ चं उदाहरण घ्या. त्याचं अर्धायुष्य (निम्मा भाग उरायला लागणारा काळ) ५७३० वर्षं, म्हणजे क्षयाचा स्थिरांक एलएन २ भागिले ५७३०, साधारण ०.०००१२०९६८. दोन हजार वर्षांनी मूळच्या किती भाग उरला हे काढायला ई^(−०.०००१२०९६८×२०००) करायचं, उत्तर ०.७८५१, म्हणजे साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्के. कंस न टाकता ई^−०.०००१२०९६८×२००० असं दाबलं तर कॅल्क्युलेटर फक्त पहिल्या आकड्याचा घात काढतो आणि त्याला २००० ने गुणतो, स्क्रीनवर १९९९.७५८ येतं. क्षय होऊन वस्तू दोन हजारपट झाली असं उत्तर येऊच शकत नाही, पण घाईत असला की माणूस तेही उतरवून मोकळा होतो. काही मॉडेलवर ई^ दाबल्यावर कंस आपोआप उघडतो, तिथे तो बंद करायची काळजी तुम्ही घ्यायची.

चक्रवाढीत पण तेच. वार्षिक ८ टक्के, दर महिन्याला व्याज जमा, पाच वर्षं. टाईप करायचं (१+०.०८÷१२)^(१२×५), येतं १.४८९८४५७, याला मुद्दलाने गुणलं की रक्कम. घातातला कंस विसरला तर आधी बारावा घात निघतो आणि मग ५ ने गुणलं जातं, ५.४१५ येतं, म्हणजे पाच वर्षांत पैसे साडेपाचपटीच्या जवळ गेले. उत्तराला जरा अंदाजाने तोलून बघितलं तर हे लगेच खटकतं, साध्या व्याजाने पाच वर्षांत १.४ पट होणार होतं तर चक्रवाढीने त्याच्या थोडंसंच वर असणार ना.

ज्यांच्या कॅल्क्युलेटरवर घात खरोखर वर चढलेला दिसतो त्यांना कंस कमी लागतात, पण तिथे कर्सरचा घोळ असतो. ५×२^३+४ करायचंय, तुम्ही ३ टाकल्यावर उजवा बाण न दाबता तसंच +४ टाकलंत तर ते पण वर घातातच जातं, ५×२^७ होतं आणि ६४० येतं. बाण दाबून खाली उतरलात तर ४४. बरोबर दाबायच्या आधी एकदा स्क्रीनवर नजर टाका, कुठला आकडा वर आहे आणि कुठला खाली ते तिथे स्पष्ट दिसतं.

मघाच्या व्याजाच्या उदाहरणात अजून एक गोष्ट, मधलं उत्तर राऊंड करू नका, आणि इथे खरंच जीव तोडून सांगतोय कारण घातात छोटी चूक फुगत जाते. १+०.०८÷१२ म्हणजे १.००६६६६... हे कुणी १.००६७ लिहून घेतलं आणि त्याचा साठावा घात काढला तर १.४९२८ येतं, १.००७ धरलं तर १.५१९७. मुद्दल एक लाख असेल तर पहिल्यात जवळपास तीनशेचा फरक आणि दुसऱ्यात जवळपास तीन हजारांचा, फॉर्म्युला तोच. म्हणून सगळं एका दमात टाईप करा, नाहीतर मधलं उत्तर आन्स (मागचं उत्तर परत आणणाऱ्या) बटणाने पुढे न्या, आन्समध्ये स्क्रीनवर दिसतात त्यापेक्षा जास्त अंक साठवलेले असतात.

घातावर घात आला तर अंदाज लावत बसू नका. २^३^२ चा गणितातला अर्थ २^९, म्हणजे ५१२. पण काही कॅल्क्युलेटर डावीकडून जाऊन (२^३)^२ करतात आणि ६४ देतात, एक्सेल पण ६४ च देतं. २^(३^२) असंच लिहायचं. अपूर्णांकाचा घात असेल तरी कंस हवाच, ८^(२÷३) चं उत्तर ४ आणि ८^२÷३ चं २१.३३.

उणे संख्येचा अपूर्णांक घात हा जरा अवघड कोपरा आहे. (−४)^०.५ ला मॅथ एरर येणारच, ते उणे चारचं वर्गमूळ झालं, वास्तव संख्येत ते नसतं. (−८)^(१÷३) ला मात्र काही मॉडेल −२ देतात आणि काही एरर, तिथे घनमुळाचं वेगळं बटण असेल तर तेच वापरा.

स्क्रीनवरचं उत्तर वाचताना पण सावध. बहुतेक कॅल्क्युलेटर दहा अंक दाखवतात, त्यामुळे २^३३ पूर्ण दिसतो, ८५८९९३४५९२, आणि २^३४ ला अकरा अंक लागतात म्हणून १.७१७९८६९१८×१०^१० असं येतं. जुन्या मॉडेलवर ×१० न दाखवता फक्त उजवीकडे वर छोटा १० दिसतो, तो १.७१७ चा दहावा घात नाही, दशांश चिन्ह दहा घरं उजवीकडे न्यायचं असा त्याचा अर्थ. हे न कळून नुसतं १.७१ उतरवलं की पुढचं सगळं गणित गेलं.

आकडा फारच मोठा झाला तर कॅल्क्युलेटर हात वर करतो. बऱ्याच मॉडेलची मर्यादा १०^१०० च्या आत असते, २^३३२ निघतो आणि २^३३३ ला एरर, ई^२३० निघतो आणि ई^२३१ ला एरर. उलट ई^−३०० केलं तर नुसतं ० दाखवतो, खरं उत्तर शून्य नसतं, फक्त त्याच्या आवाक्याबाहेर लहान असतं. तरीही ७^२०० हवाच असेल तर लॉग वापरा, २००×लॉग ७ केलं की १६९.०१९६०८ येतं, त्यातला पूर्णांक १६९ बाजूला काढा, उरलेल्या ०.०१९६०८ चा दहाचा घात घ्या, १.०४६२, म्हणजे उत्तर साधारण १.०४६२×१०^१६९. मला ही युक्ती फार आवडते, मशीनची मर्यादा संपली तरी गणित अडत नाही.

नवीन कॅल्क्युलेटर किंवा ॲप हातात आलं की ई^(एलएन २.०२) करून बघायला हरकत नाही, २.०२ परत आलं पाहिजे. हाच आकडा का, तर १९७२ साली एचपी-३५ हा हातात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला, त्याच्या सुरुवातीच्या मशीनमध्ये नेमकं याच आकड्याला २ उत्तर यायचं, पुढे ती चूक सुधारली. आज असं होणं अवघड आहे, पण एलएन आणि ई^ एकमेकांचे उलटे आहेत हे यातून हातालाच कळतं.

आणि घातांकच काढायचा असेल तर तेच उलटेपण कामाला येतं. ८ टक्क्यांनी रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं, म्हणजे १.०८ चा कितवा घात २, तर एलएन(२)÷एलएन(१.०८), उत्तर ९.००६५. इथे एलएन दाबल्यावर आपोआप उघडलेला कंस २ नंतर बंद केला नाही तर भागाकार आतच होतो आणि ३.२५७६ येतं. तीन वर्षांत दुप्पट हे ८ टक्क्यांनी शक्य नाही, पण त्या अंदाजावर न थांबता तिथेच १.०८^आन्स दाबा. २ आलं तर ठीक, नाहीतर मागे जाऊन कंस बघा.