गल्लीतला दवाखाना नीट पारखून घ्या

नव्या दवाखान्यात गेलात की भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र शोधा. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवरही छापलेला हवा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत.

खरी परीक्षा इंजेक्शनच्या वेळी होते. सिरिंजचं पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडलं गेलं पाहिजे. ट्रेमध्ये आधीच भरून ठेवलेली सिरिंज दिसली तर सरळ नाही म्हणा. औषधाच्या बाटलीच्या रबरी बुचात सुई तशीच खोचून ठेवलेली असेल, तर ते फार वाईट लक्षण, कारण त्या वाटेने जंतू आत जातात आणि पुढच्या प्रत्येक रुग्णापर्यंत पोहोचतात. टोचून झाल्यावर सुई पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत जायला हवा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हे छोट्या दवाखान्यालाही बंधनकारक आहे.

विचारायला संकोचू नका. चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी चिडत नाहीत, उलट पाकीट स्वतःहून दाखवतात. आणि औषधांची नावं न लिहिता सुट्या गोळ्यांच्या पुड्या मिळत असतील, तर नावं लिहून मागाच. उद्या ॲलर्जी उठली तर दुसऱ्या डॉक्टरांना काय सांगणार?