हुलॉक गिबन कानांनी शोधावा: होलोंगापारमधील एका सकाळची तयारी

हुलॉक गिबन हा भारतात आढळणारा एकमेव कपी (इंग्रजीत ‘एप’) आहे. त्याला शेपटी नसते, त्यामुळे त्याला माकड म्हणणे शास्त्राला धरून नाही. आसामी लोक मात्र त्याला ‘होलौ बांदर’ याच नावाने ओळखतात. ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेकडचा ईशान्य भारत, बांगलादेशाचा पूर्व भाग आणि म्यानमारचा पश्चिम भाग एवढाच त्याच्या या पश्चिमी जातीचा प्रदेश असून धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीत तिची नोंद संकटग्रस्त अशी आहे. त्याला पाहण्यासाठी आसाममधील जोरहाट जिल्ह्यातले होलोंगापार गिबन अभयारण्य ही सर्वांत सोयीची जागा आहे. काझीरंगाच्या सहलीला एक मुक्काम जोडला तरी हे साधते.

या जंगलाचे क्षेत्रफळ जेमतेम 20.98 चौरस किलोमीटर आहे. 1881 साली ते राखीव वन झाले आणि 1997 साली अभयारण्य. चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या या तुकड्यात सात जातींचे वानरवर्गीय प्राणी राहतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा. पावसाळ्यात वाटा चिखलाने भरतात, जळवा हैराण करतात आणि गिबनही पावसात फारसे गात नाहीत. मरियानी हे रेल्वे जंक्शन अगदी जवळ आहे. वनखात्याची परवानगी आदल्या दिवशीच घेऊन ठेवावी आणि वनरक्षकाला सोबत घेतल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, कारण या जंगलात हत्तींची ये-जा असते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची पहिली चूक घड्याळाची होते. डिसेंबरात पुण्यात सातच्या सुमारास उजाडते, तर जोरहाटला सहाच्या आतच सूर्य वर आलेला असतो. उजाडताना जंगलाच्या कडेला पोहोचावे, एका जागी उभे राहावे आणि बोलणे थांबवावे. गिबनाच्या मागे धावून तो दिसत नाही, कारण हातांनी फांदीमागून फांदी पकडत झोके घेत जाणारा हा प्राणी क्षणात दृष्टीआड होतो आणि खाली झुडपांतून वाट काढणारा माणूस त्याच्या वेगाला कधीच पुरा पडत नाही. त्याचा आवाज मात्र एक किलोमीटरवरूनही ऐकू येतो. नर आणि मादी एकत्र गातात. ‘हू-कू, हू-कू’ अशी सुरुवात होऊन आवाज चढत जातो आणि काही मिनिटांतच दोघांचे सूर इतके एकमेकांत मिसळतात की कोणता सूर कोणाचा हे नवख्या कानाला कळत नाही. हे गाणे बहुधा सकाळच्या पहिल्या प्रहरांत होते आणि बराच वेळ चालते. त्या अवधीत सावकाश, थांबत थांबत आवाजाच्या दिशेने जावे आणि अंतर राखून उभे राहावे.

दुर्बिणीतून प्रथम रंग पाहावा. प्रौढ नर काळा असतो व त्याच्या भुवया पांढऱ्या शुभ्र असतात. प्रौढ मादी पिवळसर तपकिरी असते. येथे एक फसगत संभवते. पिल्लू जन्मतः मळकट पांढरे असते, पुढे ते काळे होते आणि मादीचा रंग वयात येताना पुन्हा फिकट होतो. म्हणून लहान आकाराचा काळा गिबन दिसला की लगेच नर असे लिहू नये. एका कुटुंबात साधारणतः जोडपे आणि त्यांची एक ते चार पिल्ले असतात. दोन पिल्लांमध्ये दोन-तीन वर्षांचे अंतर पडते, त्यामुळे शिकारीत एक मादी गेली तरी त्या कुटुंबाची हानी लवकर भरून निघत नाही.

त्यानंतर ते काय खातात ते टिपावे. वड-उंबराच्या कुळातील फळे त्यांना विशेष प्रिय असतात. कोवळी पाने, फुले आणि कीटकही चालतात. कोणत्या झाडावर किती वेळ काढला याची नोंद छायाचित्रापेक्षा अधिक उपयोगाची असते, असे माझे मत आहे. फ्लॅश वापरू नये. मोबाइलवर गिबनाचे ध्वनिमुद्रण वाजवून त्यांना बोलावणे तर सर्वथा टाळावे, कारण परक्या जोडप्याने आपल्या हद्दीत घुसखोरी केली असे समजून ते खाणे सोडून धावून येतात. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये. माणसाचे श्वसनाचे आजार कपींना होऊ शकतात.

अभयारण्यातून जाणारा लोहमार्ग अवश्य पाहावा, कारण संवर्धनाचा खरा प्रश्न तेथे डोळ्यांना दिसतो. ब्रिटिश काळात टाकलेल्या या रुळांमुळे जंगलाचे दोन असमान तुकडे झाले असून लहान तुकडा सुमारे दीडशे हेक्टरांचा आहे. गिबन सहसा जमिनीवर उतरत नाही. शेंड्यांचे छत जेथे तुटते तेथे त्याची वाट संपते, आणि पलीकडची कुटुंबे जोडीदारासाठीही अडकून पडतात. रुळांवर एक लोखंडी पूल उभारला गेला, पण गिबनांनी तो स्वीकारला नाही. दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडू देणे हाच त्यांच्या सवयीला धरून असलेला उपाय आहे.

गणना कशी होते हे समजून घ्यायचे असेल तर तिघांनी मिळून एक सराव करावा. परस्परांपासून तीन-चारशे मीटर अंतरावर तीन ठिकाणी, प्रत्येकी एका वनरक्षकासह, पहाटे उभे राहावे आणि गाणे ऐकू येताच होकायंत्रावरून दिशा, सुरू झाल्याची वेळ व अंदाजे अंतर लिहावे. नंतर नकाशावर तिन्ही रेषा ओढल्या की त्या जेथे छेदतात तेथे ते कुटुंब गात होते असे समजते. प्रत्येक कुटुंब रोज गातेच असे नाही, म्हणून सलग तीन-चार सकाळी हे करावे लागते. वारा आणि ढग यांचीही नोंद ठेवावी, आणि एखाद्या सकाळी काहीच ऐकू आले नाही तर त्या तारखेपुढे रकाना रिकामा न सोडता ‘गाणे नाही’ असे स्पष्ट लिहावे.