बेळगावात जुन्या वळणाचे बर्गरचे हॉटेल काढताना

टिळकवाडीत, शहापुरात किंवा निपाणीत लाल स्टुलांचे, चकचकीत पट्ट्यांचे, जुन्या अमेरिकी वळणाचे बर्गरचे हॉटेल काढू पाहणाऱ्याने रंगाऱ्याला बोलावण्याआधी ‘जॉनी रॉकेट्स’ या साखळीचा इतिहास पाहून घ्यावा. पूर्वी पुरुषांच्या कपड्यांचा व्यवसाय केलेल्या रॉन टाइटलबॉम यांनी ती १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या मेलरोझ अव्हेन्यूवर सुरू केली. पहिल्या दुकानात बसायला जेमतेम वीस जागा होत्या, पांढऱ्या गणवेशातले वाढपी होते, नाणे टाकून गाणे लावायची सोय होती आणि सारा थाट चाळीस-पन्नासच्या दशकांतला होता. पुढे साखळी मॉलमध्ये आणि प्रवासी जहाजांवर पोहोचली. मूळ दुकान २०१५ मध्ये बंद झाले आणि २०२० मध्ये फॅट ब्रँड्स या अमेरिकी कंपनीने साखळी विकत घेतली.

सजावटीची नक्कल कोणीही करील. उचलायची आहे ती बैठकीची रचना. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या विचिटा शहरात निघालेल्या ‘व्हाइट कॅसल’ या बर्गरच्या साखळीने पाच सेंटांचा बर्गर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भाजला आणि भिंती पांढऱ्याशुभ्र ठेवल्या, कारण त्या काळी बाजारच्या खिम्यावर लोकांचा भरवसा नव्हता. आपल्याकडेही अनोळखी हॉटेलातल्या खिम्याबद्दल लोक शंकेखोर असतात. म्हणून तवा आत न लपवता कट्ट्यापलीकडे समोरच मांडावा. कट्टा साडेतीन फूट उंच, स्टूल अडीच फूट आणि माणशी दोन फूट जागा धरली, तर शेजाऱ्याचे कोपर लागत नाही. पदार्थही मोजकेच ठेवावेत. मॅकडोनल्ड बंधूंनी १९४८ मध्ये आपली पंचवीसेक पदार्थांची यादी नऊवर आणली, तेव्हाच त्यांच्या स्वयंपाकघराला वेग आला. बर्गरच्या जोडीला गोबी मंच्युरियन आणि पावभाजी लावण्याचा मोह आवरावा.

अमेरिकी बर्गर गोमांसाचा असतो. इथे कोंबडीचा खिमा आणि बटाटा हे दोन सोयीचे मार्ग आहेत. शंभर ग्रॅम खिम्याचा गोळा चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर ठेवून त्यावर बटर पेपर धरावा आणि लगेच जड उलथण्याने एकदाच दाबावा. नंतर पुन्हा दाबल्यास रस तव्यावर जातो आणि टिक्की कोरडी होते. कडा तपकिरी झाल्यावर उलटावी व आतला गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत भाजावी. बटाटा उकडून, निथळून, पूर्ण गार झाल्यावरच किसावा आणि त्यात पोह्यांचा चुरा घालावा, म्हणजे टिक्की फुटत नाही. बनच्या आतल्या बाजू बेळगावी लोण्यावर खरपूस कराव्यात. त्या थरामुळे सॉस बनमध्ये मुरत नाही. इथल्या पावसाळ्यात बन फार लवकर सादळतो, तेव्हा बेकरीतून दिवसाचा माल एकदम न आणता सकाळ-संध्याकाळ असा दोनदा आणावा.

गाण्यांसाठी अमेरिकी गायक एल्व्हिस प्रेस्लीच हवा असे नाही. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेतली गाणी त्याच काळातली आहेत आणि इथल्या वडीलधाऱ्यांना ती पाठ असतात. मात्र हॉटेलात ध्वनिमुद्रित गाणी वाजवण्याचा रीतसर परवाना काढावा. अन्न नोंदणी आणि व्यवसाय परवाना तर लागतोच. पाटी रंगवताना कर्नाटकातील नियमानुसार साठ टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि वरच्या भागात घ्यावा लागतो, म्हणून मराठी नावासाठी उरणारी जागा मोजूनच अक्षरांचे वळण ठरवावे.